पहाटे दोन ते आठ

2005 नंतरच्या काही वर्षांत हौशी मंडळी रात्री पावणेदोनचा गजर लावून झोपत. बीएसएनएलच्या ‘होम 500’ या ब्रॉडबँड योजनेत महिन्याला मोजकाच डेटा मिळे, पण पहाटे 2 ते 8 या वेळेत उतरवलेला डेटा हिशेबात धरला जात नसे. मग दोन वाजता उठायचे, फाइल डाऊनलोडला लावायची, पुन्हा पांघरुणात शिरायचे आणि आठच्या आत मॉडेम बंद करायचा. तो चालू राहिला, तर पुढच्या महिन्याच्या बिलावरून घरात महाभारत ठरलेले.

केंद्र सरकारच्या 2004 च्या धोरणात सेकंदाला 256 किलोबिट हा ब्रॉडबँडचा किमान वेग ठरला होता. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला 32 किलोबाइट. सहा तासांत 21,600 सेकंद असतात. गुणाकार केला तर उत्तर येते 691 एमबी, आणि सीडीत मावतात 700 एमबी! सिनेमे तेव्हा सीडीच्या मापाने छाटलेले असत. एक रात्र, एक सिनेमा. हे गणित कुणी मुद्दाम जुळवलेले नसावे, पण काय जुळले होते!

रात्रीचा डेटा फुकट देणे कंपनीला परवडायचे कसे? इथे वीज किंवा पाण्याची उपमा फसवी ठरते. विजेच्या युनिटामागे कोळसा जळतो, पाण्याने टाकी रिकामी होते. बाइट मात्र तारेतून गेला तरी तारेतले काही कमी होत नाही. त्यापेक्षा एसटी डोळ्यांसमोर आणावी. पहाटेच्या फेरीत रिकामे गेलेले आसन साठवून संध्याकाळच्या गर्दीत वापरता येत नाही. खर्च येतो तो रात्री नऊच्या गर्दीला पुरेल एवढी वाट बांधायला. माझ्या मते महिन्याची जीबी-मर्यादा म्हणूनच थोडी चुकीच्या जागी लावलेली फूटपट्टी आहे. अडचण असते नऊ वाजताची आणि मोजला जातो अख्खा महिना. पहाटेची सवलत निदान घड्याळाकडे पाहून दिलेली होती.

मोजणारा मीटर आपल्या घरात नसतो. सर्वसाधारण व्यवस्थेत घरोघरच्या जोडण्या कंपनीच्या एका मोठ्या यंत्रात येऊन मिळतात. ते यंत्र प्रत्येक जोडणीतून आलेले-गेलेले बाइट मोजते आणि ठरावीक वेळाने ‘रेडियस’ नावाच्या हिशेबनिसाला कळवते. ही रेडियस पद्धत डायल-अपच्या काळातली. तिच्यातला आकडा 32 बिटांचा, त्यामुळे तो 4,29,49,67,295 पर्यंतच जातो आणि पुढच्या बाइटला पुन्हा शून्यावर येतो, जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा फिरून शून्यावर यावा तसा. 56 किलोबिटच्या मॉडेमला एवढे बाइट आणायला सात दिवस-रात्री न थांबता धावावे लागले असते. आज 100 एमबीपीएसच्या जोडणीवर ते पावणेसहा मिनिटांत होते. म्हणून 2000 साली हिशेबात आणखी एक रकाना जोडला गेला: काटा किती वेळा फिरला ते नोंदवणारा. आपल्या घरचा महिनाभराचा पसारा या दोन आकड्यांत मावतो.

तुमच्या मोजणीत आणि कंपनीच्या मोजणीत फरक पडतो, त्याची कारणे साधी आहेत. डेटा छोट्या पाकिटांत (पॅकेट) भरून जातो; 1,500 बाइटच्या पाकिटात साधारण 40 बाइट नुसता पत्ता-ठिकाणा असतो. शिवाय कुणाचा जीबी हजाराच्या पटीत, कुणाचा 1,024 च्या. एवढ्यानेच सुमारे सात टक्क्यांचा फरक पडतो.

मर्यादा ओलांडली की वेग उतरतो. लोक म्हणतात, ‘एफयूपी (रास्त वापराचे धोरण) लागली.’ ही करामत एका कल्पित बादलीची. बादलीत ठरलेल्या गतीने टोकन पडत राहतात. पाकीट पुढे सोडायचे तर तेवढी टोकन खर्च करायची. टोकन नसतील तर पाकीट रांगेत थांबते, नाहीतर सरळ टाकून दिले जाते. पाकीट पोचले नाही हे पलीकडच्या संगणकाला कळते आणि तो आपणहून हात आखडता घेतो.

हा समजूतदारपणा इंटरनेटला ठेच लागून आलेला आहे. ऑक्टोबर 1986 मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथले विद्यापीठ यांमधला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला. अंतर जेमतेम 400 यार्ड. पाकिटे हरवत होती आणि पाठवणारे पुन्हा पुन्हा तीच पाठवून गर्दी वाढवत होते. संशोधक व्हॅन जेकबसन यांनी 1988 च्या निबंधात उपाय मांडला: पाकीट हरवले तर रस्ता भरला आहे असे समजा आणि हळू व्हा. एफयूपी याच सभ्यतेचा फायदा घेते. रस्ता मोकळा असतो, पण पाकीट मुद्दाम हरवले जाते. हा वेग किती खाली न्यावा, हा प्रश्न मग उरतोच. 2016 मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने घरगुती जोडणीसाठी 512 किलोबिटची तळरेषा आखून दिली.

फायबर आल्यावर आकडे बदलले, वाटणी मात्र राहिली. जीपॉन या प्रचलित पद्धतीत एक काचतंतू विजेशिवाय चालणाऱ्या स्प्लिटरमधून 32 किंवा 64 घरांना वाटला जातो. शेजाऱ्याचा सिनेमा घेऊन येणारा प्रकाश तुमच्या घरातही येतो. तुमच्याकडचा फायबरचा डबा फक्त तुमच्या नावाची पाकिटे उचलतो, बाकीची सोडून देतो. एका तंतूची धाव सुमारे 2,488 एमबीपीएस. ती 32 घरांत वाटली तर वाट्याला 78 येतात, आणि योजना तर 100 च्या विकल्या जातात. ही लबाडी म्हणता येणार नाही. सगळे एकाच क्षणी हात पुढे करत नाहीत, या भरवशावर ती व्यवस्था उभी आहे.

2020 पासून जिओफायबरच्या ‘अनलिमिटेड’ योजनांनाही महिन्याला 3,300 जीबीची सीमा आली. 100 एमबीपीएसने अखंड उतरवले तर ती 73 तासांत संपते. पण तासाला 3 जीबी खाणारे एचडी चित्र एका टीव्हीवर महिनाभर डोळ्याला डोळा न लावता पाहिले, तरी होतात 2,160 जीबी.

तेव्हा कोटा शिल्लक असूनही नेट रखडत असेल, तर संगणक थेट केबलने राउटरला जोडून वेग दोनदा मोजावा, रात्री नऊला आणि पहाटे दोनला. दोन्ही वेळा आकडा सारखाच पडलेला असेल तर बादलीवर किंवा आपल्याच जोडणीतल्या बिघाडावर संशय घ्यावा. नऊला पडून दोनला उसळत असेल, तर वाटेत गर्दी आहे. गजर मात्र पुन्हा पावणेदोनचाच लावावा लागेल.