शूटिंगची ढब आणि चेंडूची वाट

ढब म्हणजे काय

चेंडू हातात स्थिरावल्यापासून तो बोटांवरून सुटेपर्यंत, आणि त्यानंतर मनगट खाली वळून थांबेपर्यंत, शरीराच्या ज्या हालचाली ठरावीक क्रमाने घडतात त्यांना शूटिंगची ढब म्हणता येईल. पावले, गुडघे, कंबर, खांदा, कोपर, मनगट, बोटे असा हा क्रम असतो. बळ मुख्यतः पायांतून येते, दिशा कोपर व मनगट राखतात आणि शेवटचा स्पर्श तर्जनी व मधल्या बोटाचा असतो. दुसरा हात चेंडूला केवळ आधार देतो. त्याने ढकलले की नेम बाजूला जातो. अमेरिकेतील एनबीए स्पर्धेचे चाहते आवडत्या खेळाडूच्या ढबीविषयी गायकीच्या घराण्यांइतक्याच हिरिरीने वाद घालतात. चेंडूला मात्र फेकणाऱ्याच्या डौलाची खबर नसते. वेग, कोन, दिशा आणि फिरकी या चार गोष्टी एकदा ठरल्या की त्याची वाट ठरली.

रिंगचे गणित

रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते. तिचा आतला व्यास सुमारे ४५.७ सेंटिमीटर आणि चेंडूचा सुमारे २४ सेंटिमीटर, म्हणजे वरून पाहता जागा ऐसपैस वाटते. परंतु चेंडू तिरका येतो, आणि तिरक्या वाटेवरून रिंग लंबगोल व अरुंद होते. चेंडू ४५ अंशांनी उतरत असेल तर त्याला मिळणारी फट सुमारे ३२ सेंटिमीटर उरते. कोन ३२ अंशांवर आला की फट जवळजवळ चेंडूएवढीच होते. त्याहून सपाट आलेला चेंडू रिंगच्या कडेला न लागता आत जाऊच शकत नाही. मग कमान हवी तितकी उंच का ठेवू नये? कारण जास्त उंचीसाठी जास्त वेग लागतो, आणि वेग वाढवताना हाताची अचूकता घटते. कमीत कमी वेगात रिंग गाठून देणारा कोन हा ४५ अंश अधिक हातापासून रिंगपर्यंतच्या चढाचा निम्मा कोन, इतका असतो. फ्री थ्रोच्या रेषेवरून, चेंडू सुमारे २.१ मीटर उंचीवर सुटत असेल, तर हे उत्तर ५१ अंशांच्या आसपास येते. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातील ट्रॅन व सिल्व्हरबर्ग यांनी संगणकावर लाखो फेकी घडवून २००८ मध्ये ५२ अंशांची शिफारस केली. दोन्ही उत्तरे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत हे लक्षणीय आहे. या सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते: चेंडू जितका उंचावरून सुटेल तितका कमी कोन पुरतो. बुटक्या खेळाडूची कमान उंच दिसते ती बहुतांशी या गरजेपोटी.

उलटी फिरकी

मनगट पुढे झुकताना बोटे चेंडूच्या मागच्या बाजूवरून खाली घसरतात आणि चेंडू स्वतःभोवती उलटा फिरू लागतो. अशी फिरकी असलेला चेंडू रिंगवर किंवा बोर्डवर आदळला की त्याचा पुढे जाण्याचा वेग कमी होतो आणि तो आत पडण्याची शक्यता वाढते. वर उल्लेखिलेल्या अभ्यासात सेकंदाला सुमारे तीन फेरे योग्य ठरले. हवेत हात तसाच उंचावून ठेवण्याच्या सवयीचे मूळही येथेच आहे. चेंडू सुटल्यानंतर हाताने काहीही केले तरी परिणाम शून्य. पण शेवटपर्यंत हात सरळ ठेवण्याची सवय असलेला खेळाडू चेंडू सुटण्याच्या क्षणी मनगट आखडत नाही.

उडी कधी आली

प्रारंभी शॉट दोन्ही हातांनी, पाय जमिनीवर ठेवून मारला जाई. १९३६ च्या डिसेंबरमध्ये स्टॅनफर्डच्या हँक लुइसेट्टीने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकहाती शॉटचे सामर्थ्य दाखवले. जंप शॉटच्या आद्य प्रवर्तकांत वायोमिंगच्या केनी सेलर्सचे नाव घेतले जाते. घरच्या अंगणात उंच थोरल्या भावाच्या हातांवरून चेंडू न्यायचा तर उडी मारण्यावाचून त्याला इलाज नव्हता.

एक ओघ की दोन टप्पे

आजच्या जंप शॉटचे ढोबळ दोन प्रकार पडतात. पहिल्यात चेंडू कपाळावर किंवा डोक्याच्या वर क्षणभर थांबतो, शरीर उडीच्या टोकाजवळ पोहोचते आणि मग हात सुटतो. मायकेल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट यांचे मधल्या अंतरावरचे शॉट या घडणीचे होते. चेंडू उंचावरून सुटत असल्याने अडवणे कठीण. मात्र पायांचे बळ मधल्या थांब्यात काही अंशी वाया जाते, म्हणून फार लांबून हातांवर ताण येतो.

दुसऱ्या प्रकारात गुडघे सरळ होऊ लागताच चेंडूही वर निघतो आणि शरीर अजून वर चढत असतानाच तो सुटतो. स्टेफन करी हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्याची उंची सुमारे १.८८ मीटर, म्हणजे एनबीएच्या मानाने बेताची. शाळेत असताना तो चेंडू कमरेजवळून ढकलत असे. स्वतः एनबीएत खेळलेले वडील डेल करी यांनी एका उन्हाळ्यात ही ढब मोडून चेंडू डोक्याच्या वर नेण्यास लावले. त्या काळात मुलाला धड लांबचा शॉटही मारता येईना. पुढे मात्र एकाच ओघात पायांचे सगळे बळ चेंडूत उतरू लागले, लांब पल्ला आला आणि बचावपटूचा हात पोहोचण्याआधी चेंडू सुटू लागला. कमी उंचीची भरपाई वेळेने झाली. २०१५-१६ च्या हंगामात त्याने ४०२ थ्री पॉइंटर केले आणि १४ डिसेंबर २०२१ रोजी रे ॲलनचा कारकिर्दीतील २,९७३ थ्री पॉइंटरचा विक्रम मागे टाकला. त्याच्या ड्रिबलची चर्चा अधिक होते. वास्तविक जास्त अभ्यासण्याजोगी आहे ती चेंडू हातात येण्यापूर्वीची पावलांची जुळणी.

ॲलनचे मोठेपणही पावलांतच शोधावे लागते. २०१३ च्या अंतिम फेरीतील सहाव्या सामन्यात, सॅन अँटोनियोविरुद्ध मायामी तीन गुणांनी मागे असताना, तो मागे पावले टाकत उजव्या कोपऱ्यात गेला, पास घेतला आणि ५.२ सेकंद उरले असता बरोबरी साधली. थ्री पॉइंटरची रेषा कोठे आहे हे पाहायला त्याला वेळच नव्हता. अशी मागे सरकत कोपरा गाठण्याची हालचाल तो अनेक वर्षे मुद्दाम घोटत आला होता. क्ले थॉम्पसनची ढब याहूनही साधी: पास येतो तेव्हा पाय तयारच असतात. ५ डिसेंबर २०१६ रोजी इंडियानाविरुद्ध त्याने २९ मिनिटांत ६० गुण मिळवले, आणि त्यासाठी त्याला अवघे ११ ड्रिबल लागले.

एका पायावरचा शॉट

जर्मनीच्या डर्क नोविट्झकीचा मार्ग वेगळाच. सुमारे २.१३ मीटर उंचीचा हा खेळाडू डाव्या पायावर मागे झुकत, उजवा गुडघा पुढे उचलून शॉट मारी. उचललेला गुडघा बचावपटूला दूर ठेवतो आणि मागे जाणाऱ्या धडाचा तोलही सांभाळतो. त्याचे गुरू होल्गर गेश्विंडनर यांनी त्याच्या शरीराची मापे लक्षात घेऊन चेंडूच्या वाटेचा हिशेब मांडला होता. डॅलसमधील त्याच्या पुतळ्यात हीच मुद्रा आहे.

बेढब आणि अचूक

रेजी मिलरचे कोपर बाहेर असे आणि शॉटनंतर त्याची दोन्ही मनगटे एकमेकांकडे वळून जवळजवळ आदळत; तरीही त्याच्या नावावर २,५६० थ्री पॉइंटर आहेत आणि २०११ पर्यंत तोच विक्रम होता. जमाल विल्क्स चेंडू डोक्याच्या मागून गोफणीसारखा सोडी. ही उदाहरणे नियमाला अपवाद वाटतात, पण चेंडू सुटण्याच्या क्षणी मिलरचे मनगटही रिंगच्या रेषेत येत असे. आधीचे वळण कितीही विचित्र असले तरी ते दर वेळी सारखेच असेल तर चालते. सुबक ढबीचा खरा फायदा इतकाच की तिच्यात चुकण्याच्या जागा कमी असतात.

खालून टाकलेला फ्री थ्रो

दोन्ही हातांनी गुडघ्यांमधून चेंडू वर टाकण्याची पद्धत रिक बॅरीने कारकीर्दभर वापरली आणि एनबीएत सुमारे ९० टक्के फ्री थ्रो यशस्वी केले. दोन्ही हात सारखेच काम करतात, कोपर-मनगटाची गुंतागुंत टळते आणि चेंडू हळुवार उतरतो. विल्ट चेंबरलेननेही १९६१-६२ च्या हंगामात ती स्वीकारली होती. २ मार्च १९६२ रोजी, ज्या सामन्यात त्याने एकट्याने १०० गुण केले त्यात, त्याचे ३२ पैकी २८ फ्री थ्रो आत गेले. नंतर त्याने ती सोडली, कारण तसे टाकताना आपण बावळट दिसतो असे त्याला वाटे. शकील ओनील फ्री थ्रोमध्ये कारकीर्दभर ५३ टक्क्यांच्या आसपास राहिला, पण या पद्धतीकडे वळला नाही. दिसण्याची किंमत गुणांत मोजावी लागल्याचे याहून स्पष्ट उदाहरण बास्केटबॉलमध्ये सापडणे अवघड.

नजर

कॅलगरी विद्यापीठातील जोन व्हिकर्स यांनी १९९६ मध्ये फ्री थ्रो मारणाऱ्यांच्या नजरेचा मागोवा घेतला. निष्णात खेळाडूंची नजर शॉटची हालचाल सुरू होण्यापूर्वी रिंगच्या एका बिंदूवर लवकर स्थिरावते आणि अधिक काळ टिकते, असे आढळले. प्रेक्षकाला हात दिसतो, पण नेम त्याआधीच धरलेला असतो.

अनुकरणाच्या मर्यादा

ढब ही निव्वळ सवय नव्हे; तिला शरीराची साथ लागते. एनबीए संघांनी २०१७ मध्ये केलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या मार्केल फुल्ट्झचा शॉट एकाएकी बिघडला. डिसेंबर २०१८ मध्ये मान व खांद्यादरम्यानच्या नसांवर दाब येत असल्याचे निदान झाले. लहान मुलांच्या बाबतीत अडचण साधी आहे. करीची नक्कल करत ३.०५ मीटरच्या रिंगवर लांबून शॉट मारू पाहणारे दहा वर्षांचे मूल बळ पुरत नाही म्हणून चेंडू कमरेपाशी नेते, म्हणजे करीला जे सोडावे लागले तेच शिकते. अशा मुलासाठी थॉम्पसन हा अधिक चांगला नमुना आहे, आणि जवळचे अंतर ही पहिली पायरी. मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर असते आणि चेंडूही लहान असतो. आपल्याकडच्या शाळांच्या मैदानांवर बहुधा मोठ्यांच्या उंचीचीच रिंग आढळते. शाळांनी तिच्याशेजारी एक कमी उंचीची रिंग बसवावी.