निनावी कवितेची बैठक
(द्वितीय वर्ष, कला)

शरद ऋतू आला की आपल्याकडे कवींना जाग येते. आश्विनी पौर्णिमेच्या रात्री ‘को जागर्ति?’, म्हणजे ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत लक्ष्मी फिरते, अशी समजूत आहे. गच्चीवर दूध आटते आणि दुधाबरोबर कविताही होतात. चंद्रासाठी जमणाऱ्या हौशी कवींची अशीच परंपरा जपानमध्ये आहे. तिथे हायकू लिहिणाऱ्यांच्या बैठकीला ‘कुकाई’ म्हणतात. तिची रीत आपण समजून घ्यावी अशी आहे.

जपानी चांद्र पंचांगातील आठव्या महिन्याची पौर्णिमा ही तिथली चंद्रदर्शनाची रात्र. ती बहुधा आपल्या भाद्रपदी पौर्णिमेच्या सुमारास येते, तर कधी कोजागरीलाच. २०२५ साली दोन्ही ६ ऑक्टोबरलाच होत्या. त्या रात्री लोक गवताचे तुरे आणि तांदळाच्या पिठाचे गोळे मांडून चंद्र पाहतात. हायकूत ऋतू सुचविणारा शब्द असतो, त्याला ‘किगो’ म्हणतात. नुसते ‘चंद्र’ म्हटले तरी तो शरदाचाच समजायचा. ढगांनी चंद्र झाकला तर त्यालाही शब्द आहे, पावसात हरवला तर त्यालाही! म्हणजे चंद्र दिसलाच नाही तरी कवी रिकाम्या हाताने परतत नाही.

आता बैठकीची रीत. प्रत्येक जण आपले हायकू एकेका चिठ्ठीवर लिहितो. नाव घालीत नाही. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र मिसळून पुन्हा वाटतात. हाती आलेल्या चिठ्ठ्या प्रत्येकाने स्वच्छ कागदावर उतरवायच्या, म्हणजे हस्ताक्षरावरूनही कवी ओळखू येत नाही. मग ते कागद हातोहात फिरतात. आवडलेली ठराविक हायकू प्रत्येकाने निवडायची. स्वतःचे मात्र निवडायचे नाही. निवडलेली हायकू मोठ्याने वाचली जातात आणि त्यानंतरच कवी आपले नाव सांगतो. गुरूची चिठ्ठीही त्याच ढिगात असते. नवख्याचे हायकू निवडले जाते आणि गुरूचे तसेच राहते, असेही घडू शकते.

मासाओका शिकी (१८६७–१९०२) या कवीने हायकूला आधुनिक रूप दिले. क्षयाने अंथरुणाला खिळलेला असतानाही त्याच्या टोकियोतील घरी अशा बैठकी भरत. मराठीत हायकू रुजविले ते शिरीष पै यांनी. हायकू आपल्याकडे आले, पण ही बैठक मात्र मागेच राहिली.

मित्रहो, मला तीच अधिक मोलाची वाटते. आपल्या काव्यवाचनात आधी नाव पुकारतात, मग कविता येते. नाव ओळखीचे असेल तर टाळी आधीच तयार असते. ज्याच्या घरात त्याच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, ज्याच्या बोलण्यात ‘ण’चा ‘न’ होतो, त्याची वही पिशवीतच राहते. आडनाव ऐकून गाव, घर, जात यांचा हिशेब मांडणारे कानही आपल्यात नाहीत असे नाही. निनावी चिठ्ठीपुढे हा हिशेब थांबतो. तिथे फक्त ओळी उरतात.

कुणी म्हणेल, नाव लपविणे हा भित्रेपणा झाला. पण इथे नाव कायमचे लपत नाही. ते शेवटी येते, आणि कवी ते स्वतःच्या तोंडाने सांगतो. आधी कविता उभी राहते, मग माणूस.

येत्या कोजागरीला आपल्या वाङ्मय मंडळाने हा प्रयोग करावा. खर्च कागदाचा आणि दुधाचा. हायकूच हवे असे नाही, चार ओळी पुरेत. बोलीतल्या असल्या तर उत्तमच. प्राध्यापकांनीही आपली चिठ्ठी त्याच ढिगात टाकावी. ‘कोण जागे आहे?’ या प्रश्नाला मग मागच्या बाकावरूनही उत्तर येईल.