चायनीजच्या गाडीमागची माणसं

खारघरच्या उत्सव चौकाकडून संध्याकाळी घरी परतताना मी बऱ्याचदा एका चायनीजच्या गाडीपाशी थांबतो. लाल पडदा, त्यावर पिवळा ड्रॅगन, शेगडीचा भडका आणि कढईवर आपटणाऱ्या झाऱ्याचा आवाज. गेल्या पावसाळ्यात तिथे एका गिऱ्हाइकाने कढई हलवणाऱ्या मुलाला हाक मारली, "ए चायना, जल्दी कर!" मुलगा दार्जिलिंगकडचा, मातृभाषा नेपाळी. त्याने मान वर केली नाही. गर्दी ओसरल्यावर मी त्याला विचारले, हे सगळे शिकलास कुठे? "इथंच मुंबईत. माणगावच्या एका दादानं शिकवलं," असे त्याने हिंदीत सांगितले. चायनीज म्हणवणाऱ्या या खाण्यात चिनी माणूस नेमका कुठे आहे, हा प्रश्न त्या रात्री मी वहीत लिहून ठेवला. मी काही या विषयाचा प्राध्यापक नाही. प्रश्न पडला की त्याच्यामागे हिंडायचे, एवढीच माझी पद्धत.

पहिला धागा आमच्याच लोकल मार्गावर सापडला. खारघरहून सीएसएमटीची हार्बर लोकल पकडली की गाडी न बदलता डॉकयार्ड रोडला उतरता येते. तिथून जवळ, माझगावच्या नवाब टँक रोडवर, 'सी यूप कून' हे चिनी मंदिर आहे. ते १९१९ सालचे. देव क्वान कुंग, म्हणजे तिसऱ्या शतकातला एक सेनानी, जो पुढे देवपदाला पोहोचला. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून मुंबईच्या गोदीत येणाऱ्या खलाशांचे हे श्रद्धास्थान. चिनी नववर्षाला ते उजळते. एरवी शेजारून जाणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो.

गाडीवरच्या पदार्थांचा धागा मात्र कोलकात्याला जातो. तिथे हक्का समाजाने टांगरा भागात चामडे कमावण्याचा धंदा उभारला आणि त्याच वस्तीत पुढे खानावळी निघाल्या. 'हक्का नूडल्स' या नावातला हक्का तो हाच. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग मुंबईत आले. १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात कोणी नवे काही मागितले, तेव्हा त्यांनी लसूण, आले, हिरवी मिरची अशी आपल्या ओळखीची सुरुवात केली. गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअरने रस्सा दाट केला. हे त्यांनी स्वतःच सांगितलेले आहे. हेच चिकन मांचुरियन. मांचुरियात असा पदार्थ नाही. पुढे केम्प्स कॉर्नरच्या 'चायना गार्डन'मुळे वांग यांचे नाव झाले. मांचुरियन मात्र नाव मागे टाकून गाडीवर आले, कोबीचे झाले आणि चायनीज भेळेच्या शेजारी जाऊन बसले.

शेजवानची गोष्ट आणखी मजेची. १९७० च्या दशकात ताज हॉटेलच्या 'गोल्डन ड्रॅगन'ने सिचुआन प्रांताचे तिखट जेवण मुंबईला दाखवले. त्या जेवणाचा प्राण म्हणजे जीभ बधिर करणारे एक छोटे फळ. आपल्या गाडीवरच्या शेजवान चटणीत ते नसते. तिथे सुकी लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर. पण त्याच फळाचे सख्खे भावंड कोकणात बांगड्याच्या आमटीत पडते, ते म्हणजे तिरफळ. दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या आणि एकाच प्रजातीगटातल्या. सिचुआनची चव शोधायची तर शेजवान राईसपेक्षा ती आईच्या आमटीत आधी सापडेल!

मग ही चव रुजवणारी माणसे कुठे गेली? १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, प्रामुख्याने आसाम आणि उत्तर बंगालमधून उचलून, राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले गेले. त्यात म्हातारे होते, तान्ही मुले होती. काहींची सुटका व्हायला चार-पाच वर्षे लागली. परत आल्यावर अनेकांची घरे-दुकाने राहिली नव्हती. बाहेर राहिलेल्यांवरही पोलिसांत हजेरी लावण्याची सक्ती होती. पुढे कुटुंबेच्या कुटुंबे देश सोडून गेली. आज टोरांटोत त्यांची हक्का हॉटेले आहेत आणि तिथे मांचुरियन खायला येतात ती आपल्याकडचीच माणसे.

गलवानच्या चकमकीनंतर जून २०२० मध्ये केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चिनी खाद्यपदार्थांवर बहिष्कार टाकण्याचे आणि ते विकणारी हॉटेले बंद करण्याचे आवाहन केले. राग समजण्यासारखा होता. पण तो बहिष्कार पाळला गेला असता, तर चूल विझली असती ती माणगावच्या दादाची आणि दार्जिलिंगच्या पोराची. तांदूळ इथला, कोबी इथला, मिरची इथली, घामही इथलाच.

माझ्या वहीतल्या प्रश्नाचे उत्तर मला असे दिसते: चिनी माणसाचा पदार्थ आपण ठेवून घेतला, माणूस ठेवला नाही. आणि त्याची जी हाक शिल्लक राहिली, ती आपण आपल्याच देशातल्या दुसऱ्या माणसाला चिकटवली. गाडीवरच्या त्या मुलाला मी आता त्याच्या नावाने हाक मारतो. पहिल्यांदा मारली तेव्हा त्याने मान वर केली.