ऊट म्हणजे उंट नव्हे!

सदाशिव पेठेत राहणाऱ्या माणसाला एक खोड असते. समोरच्याचं मराठी दुरुस्त करायची! ‘व्हतं नाही, होतं म्हण’, ‘आनी नाही, आणि’... मीही त्याला अपवाद नाही. लग्न होऊन साताऱ्याकडून या पेठेत आले, तेव्हा सासूबाईंनी माझी भाषा अशीच घासूनपुसून लख्ख केली. मग तो वसा मी पुढे चालवला.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतला जुना वाडा पाडून तिथे इमारतीचं काम सुरू झालं. पत्र्याच्या खोल्यांत कामगारांची कुटुंबं राहायला आली. कुणी कलबुर्गी-यादगीरकडची कानडी बोलणारी, कुणी लमाण तांड्यावरची, एक कुटुंब थेट बिहारचं. मुलं दिवसभर वाळूच्या ढिगावर खेळायची. आम्ही चार-पाच जणींनी ठरवलं, संध्याकाळी आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांचा वर्ग घ्यायचा. बी. ए.ला माझा विषय मराठी. मला वाटलं, मुलांना मराठी शिकवायला आणखी काय लागतं?

वर्गात सात वर्षांची एक कानडी मुलगी होती. टपोरे डोळे, पण तोंडातून शब्द नाही. एकदा मी विचारलं, ‘‘दुपारी काय केलंस गं?’’ ती हळूच म्हणाली, ‘‘ऊट.’’ मी म्हटलं, ‘‘उंट? आपल्या पेठेत उंट कुठून आला?’’ सगळी मुलं हसली. मीही हसले. त्यानंतर महिनाभर ती बोललीच नाही. मी वहीत तिच्या नावापुढे शेरा मारला, ‘समज कमी. वर्गात लक्ष नाही.’

तो शेरा आमच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या मुलीनं वाचला. आमच्या पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं घरोघरी असतात, पण ही मात्र एम. एड. करणारी. नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडची. घरची बोली पावरी. ती म्हणाली, ‘‘काकू, ऊट म्हणजे काय ते तिच्या आईला विचारलंत का?’’

दुसऱ्या दिवशी विचारलं. डोक्यावरचं घमेलं उतरवत ती बाई मोडक्या हिंदीत म्हणाली, ‘‘ऊट मतलब खाना, जेवण.’’

मैत्रिणींनो, मी तिथेच गप्प झाले. दुपारी काय केलंस? जेवले! मुलीनं माझ्या प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर दिलं होतं. माझं मराठी तिला कळलं होतं, तिचं कानडी मला कळलं नव्हतं. मग समज कुणाची कमी?

त्या रात्री ओट्याशी भाकरी करता करता त्या मुलीनं मला तिची गोष्ट सांगितली. पहिलीत ती वर्षभर एक शब्द बोलली नव्हती. गुरुजी मनानं चांगले होते, पण त्यांना पावरी येत नव्हती आणि हिला मराठी. ‘‘मी मुकी आहे असं त्यांना वाटायचं. घरी मात्र आई म्हणायची, ही किती बडबडते!’’ म्हणूनच तिनं एम. एड.च्या प्रबंधाला विषय घेतलाय तो, घरची भाषा वेगळी असणाऱ्या मुलांना पहिलीत कसं शिकवावं, हा.

मला वाटायचं, शिक्षकाचं शिक्षण म्हणजे फळ्यावरचं अक्षर, पाठाचं टाचण आणि तक्ते. पण आता तसं राहिलेलं नाही. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं स्पष्ट सांगितलं, की वर्गात अनेक भाषा असणं ही अडचण नसून ते शिकवण्याचं साधन आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात, शक्य असेल तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं, असं कलम आहे. २०१५पासून बी. एड. दोन वर्षांचं झालं, तेव्हा सगळ्याच विषयांच्या शिकवण्यात भाषेचं काम काय, हा स्वतंत्र अभ्यास त्यात आला. गणित कच्चं वाटणारं मूल पुष्कळदा गणितात नव्हे, उदाहरणाच्या भाषेत अडलेलं असतं! आणि गंमत बघा, राज्यभरातल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम पाहणारी परिषद आमच्याच पेठेत, कुमठेकर रस्त्यावर आहे. भाजी आणायला जाताना त्या पाटीवरून मी शेकडो वेळा गेले असेन.

हे सगळं आजचंच आहे असंही नाही. अनुताई वाघ इथल्याच हुजूरपागेत १९३३ ते १९४४ शिक्षिका होत्या. १९४५मध्ये त्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये राहिल्या. मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखतात, हे पाहिल्यावर या दोघींनी शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा. मुलांनी आधी आपल्यासारखं व्हावं आणि मग शिकावं, असा हट्ट त्यांनी धरला नाही. आणि हो, अनुताई पदवीधर झाल्या त्या १९६१मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी! ‘आता या वयात कसलं शिक्षण?’ म्हणणाऱ्या माझ्यासारखीनं हे ध्यानात ठेवावं.

माझ्या जावेची लेक अमेरिकेत असते. तिचा मुलगा तिथल्या शाळेत गेला, तेव्हा त्याला इंग्रजी धड येत नव्हतं. शाळेनं त्याच्यासाठी वेगळी शिक्षिका दिली, खास अशा मुलांना शिकवण्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेली. आम्हाला कोण कौतुक! त्यामागेही एक लढा आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांना इंग्रजी कळत नव्हतं. त्यांच्या पालकांनी दाद मागितली आणि १९७४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, सगळ्यांना सारखीच पुस्तकं आणि सारखेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली, असं नव्हे. आपल्या नातवाला परक्या देशात मिळालं म्हणून आपण सुखावतो, तेच आपल्या गल्लीत गवंड्याच्या मुलीला द्यायचं आपल्या मनातही येत नाही.

मग आम्ही वर्ग बदलला. भिंतीवर एक मोठा कागद लावला. पाणी, नीरु, पानी. आई, अव्वा, याडी, माई. रोज पाच शब्द, प्रत्येकाच्या घरचे. मूल बोलत असताना मध्येच दुरुस्त करायचं नाही, असा नियम केला. तो पाळताना सर्वांत जास्त त्रास मलाच झाला! आठवड्यातून एकदा कुणाची तरी आई येऊन तिच्या भाषेत गोष्ट सांगायची आणि मुलं ती आम्हाला मोडक्यातोडक्या मराठीत समजावून द्यायची.

एके दिवशी दूध दाखवत मी ऐटीत म्हटलं, ‘‘हाळु!’’ ती टपोऱ्या डोळ्यांची मुलगी खुदकन हसली. ‘‘हाळु नाही बाई, हालु! हाळु म्हणजे खराब!’’ जन्मभर लोकांचे ‘न’ आणि ‘ण’ दुरुस्त करणाऱ्या मला एका चिमुरडीनं ‘ल’ आणि ‘ळ’ शिकवला. तिचं ते पहिलं लांबलचक वाक्य, आणि तेही मराठीत!

गेल्या महिन्यात इमारत पूर्ण झाली. कुटुंबं दुसऱ्या कामावर निघाली. आता नवी जागा, नवी शाळा, नव्या बाई. पुन्हा कुणी ‘उंट’ म्हणून हसलं तर? माझ्या पोटात कालवलं. मी वहीतलं ते शेऱ्याचं पान फाडलं आणि नव्या बाईंसाठी एक चिठ्ठी लिहून तिच्या दप्तरात ठेवली.

‘मुलगी हुशार आहे. घरची भाषा कानडी. मराठी चांगलं समजतं. ऊट म्हणजे जेवण. ती गप्प बसली, तर कृपया आधी तिच्या आईला विचारा.’