‘ग्लायसीन’ वाचून सोयाबीन समजू नका

संगमेश्वरच्या औषध दुकानात मिळणाऱ्या एखाद्या क्रीमच्या ट्यूबवर ‘ग्लायसीन सोजा’ असे लिहिलेले असते, तर प्रोटीन पावडरच्या डब्यावर नुसते ‘ग्लायसीन’. सोयाबीनची ॲलर्जी असलेल्यांनी दोन्ही टाळायचे का?

पहिले खरोखरच सोयाबीनचे तेल. वनस्पतिशास्त्रात ‘ग्लायसीन’ हे सोयाबीनच्या वंशाचे नाव. गोड कंदाच्या एका वेलीवरून लिनियसने ते ठेवले. वेल पुढे दुसऱ्या वंशात गेली, नाव मात्र सोयाबीनला चिकटून राहिले!

दुसरे सर्वांत साधे अमिनो आम्ल. ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२० मध्ये जिलेटिन आम्लात उकळून ते मिळवले. चवीला गोड, म्हणून पुढे त्यालाही ग्रीक भाषेतल्या ‘गोड’ याच अर्थाच्या शब्दावरून नाव मिळाले. ते आपले शरीरही तयार करते. मज्जारज्जूत ते स्नायूंच्या हालचालींना लगाम घालते. कोकणातल्या काजऱ्याच्या बीमधले स्ट्रिक्निन नेमका हाच लगाम सोडवते, म्हणून ती विषबाधा झालेल्याला जीवघेणे झटके येतात.

बाजारातले ग्लायसीन बहुधा कारखान्यात रसायनांपासून बनते, त्याचा सोयाबीनशी संबंध नसतो. ॲलर्जी असलेल्यांनी वेष्टनावर ‘सोया’, ‘सोजा’ किंवा ‘ग्लायसीन मॅक्स’ हे शब्द शोधावेत. प्रोटीन पावडरमध्ये सोया वेगळा मिसळलेला असू शकतो, तेव्हा घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी.