मोसंबीच्या पैशातून आफ्रिका? आधी पासपोर्ट, मग लस, बुकिंग सगळ्यात शेवटी

पाचोड (ता. पैठण) : मोसंबीचा हिशेब हातात आला की घरात दोन-चार बेत निघतात. बोअर, शेततळं, पोरीचं लग्न. आता त्यात परदेश सहलीचीही भर पडली आहे. मोबाईलवर रील बघायची, सिंह जीपला घासून चाललेला, दुसऱ्या रीलमध्ये निळा समुद्र अन् पांढरी वाळू, खाली कुणाचा तरी नंबर आणि 'आजच ॲडव्हान्स भरा'. गडबड तिथंच होते. केनिया-टांझानियाचा प्रवास अवघड नाही, पण कामं उलट्या क्रमानं केली तर भरलेले पैसे अडकतात.

पहिलं काम पासपोर्ट. साधा 36 पानी पासपोर्ट 1500 रुपयांत निघतो. अर्ज ऑनलाइन, अपॉइंटमेंट संभाजीनगरच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात आणि चौकशी आपल्याच पोलीस ठाण्यातून. आधार, शाळेचा दाखला, पॅन यांवर नाव एकसारखं नसेल तर इथंच महिना जातो. जुना पासपोर्ट असेल तर प्रवासाच्या तारखेपासून पुढं किमान 6 महिने मुदत शिल्लक हवी.

लस का लागते?

केनियात पिवळा ताप हा आजार आहे. आपल्याकडं तो नाही, पण तो पसरवणारा डास आहे. डेंगीचा जो डास, तोच हा. म्हणजे एक आजारी माणूस इकडं आला तर पुढचं काम डास करतील. म्हणून केनियाहून परतणाऱ्या प्रत्येकाकडं आपलंच सरकार लसीचं पिवळं कार्ड मागतं. कार्ड नसेल तर विमानतळावरून घरी नव्हे, 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागतं. केनियातून पुढं टांझानियात शिरतानाही हेच कार्ड दाखवायचं असतं.

ही लस गावच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारनं मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि कार्डावर पासपोर्ट नंबर लिहावा लागतो. म्हणून आधी पासपोर्ट. मुंबई-पुण्यात केंद्रं आहेत, यादी केंद्रीय आरोग्य विभागाच्या संकेतस्थळावर बघावी आणि फोन करून दिवस ठरवावा. लस घेतल्यावर 10 दिवसांनी कार्ड ग्राह्य धरलं जातं, पुढं ते आयुष्यभर चालतं.

साठी उलटलेल्यांनी, गरोदर बायांनी, अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. या वयात लसीचा त्रास क्वचित होतो, पण झाला तर गंभीर होऊ शकतो. आई-वडिलांना घेऊन जायचं मनात असेल तर हा प्रश्न बुकिंगच्या आधी सुटला पाहिजे. डॉक्टर नको म्हणाले तर केनिया सोडून दुसरा देश बघितलेला बरा. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्यावं.

कोणत्या महिन्यात जायचं?

टीव्हीवर दिसतं ते हजारो रानगव्यांचं नदी ओलांडणं मसाई मारात साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये असतं. नेमका तेव्हा आपल्याकडं खरीप असतो, नंतर आंबे बहाराची तोडणी. शिवाय तेव्हा दरही जास्त. मसाई मारा बघायची परदेशी माणसाची फी जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर आहे, जानेवारी ते जूनमध्ये 100 डॉलर. नवरा-बायको दोन दिवस राहिले तर ऑगस्टमध्ये 800 डॉलर, फेब्रुवारीत 400. डॉलर 90 रुपयांना धरला तर नुसत्या फीत 36 हजारांचा फरक पडतो.

बागवाल्यांना फेब्रुवारीच सोयीचा. ताण तोडून, खत-पाणी होऊन बाग फुलावर आलेली असते, आठ-दहा दिवस भाऊ किंवा सालगडी सांभाळू शकतो. (गारपिटीचा भरवसा कुणी देऊ शकत नाही, पण ती आपण घरी असलो तरी येतेच.) तिकडं तेव्हा कोरडं असतं, गवत आखूड असल्यानं जनावरं लांबून दिसतात, समुद्रही निवांत असतो. नद्या ओलांडणारे कळप मात्र दिसणार नाहीत. सिंह, हत्ती, जिराफ, बिबट्या बाराही महिने तिथंच असतात. मार्च अखेर ते मे हा तिकडचा मोठा पावसाळा, तेव्हा स्वस्त पॅकेज मिळतं ते उगाच नाही. आणि आफ्रिकेत वाघ नसतो. पॅकेजवाला वाघ दाखवतो म्हणाला तर फोन ठेवावा, वाघासाठी ताडोबा आहे.

एक देश की दोन?

बहुतेक पॅकेजमध्ये केनियाची सफारी आणि झांझिबारचा समुद्र असतो. झांझिबार टांझानियात येतं. म्हणजे केनियाची ऑनलाइन परवानगी माणशी साधारण 30 डॉलर, टांझानियाचा व्हिसा 50 डॉलर आणि झांझिबारचा सक्तीचा विमा 44 डॉलर. हा विमा ऑक्टोबर 2024 पासून लागू आहे, भारतात काढलेला विमा त्याच्या जागी चालत नाही. दोघांचे मिळून 248 डॉलर इथंच गेले. काही एजंट 'पूर्व आफ्रिकेचा एकच व्हिसा' म्हणून सांगतात. तो व्हिसा आहे, पण केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांचा. टांझानिया त्यात नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एकट्या केनियात सगळं उरकावं, हे जास्त शहाणपणाचं. मुंबईहून नैरोबी थेट विमानानं सहा तासांच्या आसपास. तिथून रस्त्यानं मसाई मारा, परत नैरोबी आणि मग रेल्वेनं मोंबासा. ही नवी रेल्वे 2017 मध्ये सुरू झाली, साधारण पाच-सहा तास लागतात. वाटेत त्सावोचं जंगल लागतं, नशीब असेल तर खिडकीतून लाल मातीत लोळलेले हत्ती दिसतात. याच वाटेवरची जुनी रेल्वे 1896 ते 1901 या काळात हिंदुस्थानातून नेलेल्या हजारो मजुरांनी बांधली. 1898 मध्ये त्सावोत दोन सिंहांनी त्यांच्यातल्या कित्येकांना खाल्लं. मोंबासाहून फेरी बोटीनं खाडी ओलांडली की पुढं डायनीचा किनारा. झांझिबारइतकं नाव नाही, वाळू तितकीच पांढरी. टांझानियाचा व्हिसा आणि विमा मिळून दोघांचे 188 डॉलर वाचतात.

पैसे कुठं अडकतात

ऑनलाइन परवानगी काढून देतो म्हणणाऱ्या खासगी साइट सरकारी साइटसारख्याच दिसतात आणि जास्त पैसे घेतात. केनिया सरकारच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट गो डॉट केई' असतं, टांझानियाच्या 'डॉट गो डॉट टीझेड'. एजंटाकडून अभयारण्याची फी धरली आहे का, एका गाडीत किती माणसं, खिडकीची जागा प्रत्येकाला आहे का आणि रद्द केलं तर किती परत, हे चारही लेखी घ्यावं. व्हॉट्सॲपवरचं 'हो काका, सगळं इन्क्लूड' पावती म्हणून चालत नाही.

परदेशी पॅकेजवर कंपनी टीसीएस नावाची रक्कम वरून घेते. हा खर्च नाही, आपल्या पॅनवर जमा झालेला आयकर आहे. ज्याचं उत्पन्न निव्वळ शेतीचं त्याला आयकर लागत नाही, म्हणून तो रिटर्नही भरत नाही आणि हे पैसे सरकारकडंच राहून जातात. बिलावर पॅन नंबर बरोबर आहे का बघावं आणि त्या वर्षाचं रिटर्न सीएकडून भरून घ्यावं. रक्कम परत मिळते.

बॅग भरताना एक लक्षात ठेवावं. केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून प्लॅस्टिकच्या कॅरिबॅगवर बंदी आहे. चिवडा-लाडू डब्यात किंवा कापडी पिशवीत न्यावेत. तिथं फोनपे चालेल या भरवशावर राहू नये, कार्ड आणि थोडे कोरे डॉलर जवळ असावेत, जुन्या-फाटक्या नोटा घेत नाहीत. भाषेची भीती मात्र नको. तिथल्या स्वाहिलीत गाडीला गारी, दुकानाला दुका, विम्याला बिमा म्हणतात, आणि चहाला चाय.