“बरं आहे” म्हणजे नेमकं किती बरं? कॅन्सर पेशंट स्वतःची काळजी किती घेतो हे मोजतात कसं?

बोर्ली पंचतनहून कॅन्सरच्या उपचारांसाठी मुंबईला जायचं म्हणजे पहाटेची एसटी पकडायची. म्हसळा, माणगाव आणि पुढे हायवेचं ट्रॅफिक. ओपीडीत नंबर लागला की डॉक्टर विचारतात, “कसं वाटतंय?” आणि आपला माणूस उत्तर देतो, “बरं आहे.”

मधल्या तीन आठवड्यांत दोनदा ताप येऊन गेला, तोंड आल्यामुळे चार दिवस नुसत्या पेजेवर काढले, उलटीची गोळी संपली म्हणून बंदच केली. यातलं काहीच डॉक्टरांपर्यंत पोचत नाही.

म्हणूनच जगभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांमध्ये प्रश्नावली वापरतात. पण छापील फॉर्मवर टिक करून माणसाची काळजी मोजता येते का? समजून घेऊया.

स्वतःची काळजी म्हणजे काय?

केमो देऊन पेशंटला घरी पाठवतात. पुढच्या डोसपर्यंत त्याच्याकडे बघणारा तो स्वतः असतो, नाहीतर घरातलं माणूस. औषधं वेळेवर घेणं, खाणं-पाणी, तोंडाची स्वच्छता, थोडं चालणं आणि धोक्याची खूण ओळखणं, हे सगळं यात येतं.

तापाचंच उदाहरण घ्या. केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या काळात १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस ताप आला, तर ती इमर्जन्सी असते. लगेच हॉस्पिटलला कळवायचं असतं. “उद्या बघू” म्हणून अंगावर काढलेला ताप जिवावर बेतू शकतो. हॉस्पिटल लांब असेल तर हे माहीत असणं आणखी गरजेचं.

या विषयाला शास्त्राची बैठक दिली अमेरिकेतल्या नर्सिंग तज्ज्ञ डोरोथिया ओरेम यांनी. माणसाची गरज किती आणि ती स्वतः भागवण्याची त्याची क्षमता किती, या दोन्हींतली तूट जिथे असते तिथे नर्सची मदत लागते, असं त्यांचं म्हणणं. मग ती क्षमता मोजायला प्रश्नावल्या तयार झाल्या. त्यातल्या एका प्रसिद्ध मोजपट्टीत २४ वाक्यं आहेत. प्रत्येक वाक्य आपल्याला किती लागू पडतं, हे पाच पर्यायांतून निवडायचं.

सगळे फॉर्म सारखे नसतात

गावात आशाताई ३० वर्षांवरच्या लोकांचा एक फॉर्म भरतात. तंबाखू खाता का, तोंडात न भरणारी जखम आहे का, असे प्रश्न त्यात असतात. तो आजाराचा धोका कुणाला आहे हे शोधण्यासाठी. दुसऱ्या प्रकारचे फॉर्म पेशंटचं रोजचं जगणं कसं चाललंय ते विचारतात. तिसरे विचारतात, पेशंट स्वतःसाठी काय करतोय आणि काय करू शकतो.

दुसऱ्या प्रकारात सगळ्यात जास्त वापरली जाणारी प्रश्नावली युरोपातल्या ईओआरटीसी या संस्थेची आहे. ती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. एकूण ३० प्रश्न. जड सामान उचलताना त्रास होतो का, जेवायला-कपडे घालायला-अंघोळीला कुणाची मदत लागते का, झोप लागते का, आजारपणामुळे पैशाची अडचण झाली का, वगैरे. बहुतेक प्रश्न गेल्या एका आठवड्याबद्दलचे. पहिल्या २८ प्रश्नांना चार पर्याय: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप.

टिकचा आकडा कसा होतो?

समजा थकव्याच्या तीन प्रश्नांना पेशंटने ३, २ आणि ४ अशी उत्तरं दिली. सरासरी आली ३. त्यातून १ वजा करायचा, ३ ने भागायचं, १०० ने गुणायचं. उत्तर साधारण ६७. म्हणजे ० ते १०० मध्ये थकवा ६७. पुढच्या वेळी तो ४४ झाला, तर पेशंटला फरक पडलाय असं म्हणता येतं. ५ ते १० गुणांचा बदल थोडा आणि १० ते २० चा मध्यम, असा ढोबळ हिशोब धरतात.

गंमत म्हणजे, थकवा-दुखणं यांचा आकडा जास्त आला तर वाईट, पण चालणं-फिरणं, रोजची कामं यांचा जास्त आला तर चांगलं.

मराठीत आणताना काय होतं?

इंग्रजी फॉर्म थेट मराठीत उतरवून चालत नाही. दोन जण वेगवेगळं भाषांतर करतात, त्यातून एक पक्कं करतात, मग ते पुन्हा इंग्रजीत करून मूळ अर्थ टिकला का हे बघतात. शेवटी पेशंटना दाखवतात. मूळ प्रश्नात सूटकेसचं उदाहरण आहे. नारळ-सुपारीच्या वाडीत काम करणाऱ्या बाईला ते दूरचं वाटेल, पाण्याने भरलेला हंडा म्हटलं की लगेच कळेल.

मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या पेशंटसाठी ही प्रश्नावली भारतीय भाषांत तपासली आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तंबाखूमुळे तोंडाचे कॅन्सर आपल्याकडे जास्त, त्यामुळे हे काम महत्त्वाचं होतं.

याने खरंच फरक पडतो?

पडतो. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये ७६६ पेशंटवर अभ्यास झाला. काही पेशंटनी १२ लक्षणांबद्दल नियमित ऑनलाइन माहिती भरली. त्रास वाढला की नर्सला सूचना जायची. बाकीच्यांवर नेहमीसारखे उपचार झाले. २०१७ मध्ये आकडे आले. माहिती भरणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य ३१.२ महिने, दुसऱ्या गटाचं २६. पाच महिन्यांचा फरक. पण लक्षात घ्या, इथे नुसता फॉर्म भरला नव्हता, तो कुणीतरी वाचून लगेच फोन करत होतं. कपाटात पडलेल्या फॉर्मने असं काही होणार नाही.

कुठे गडबड होते?

एक, लोक चांगलं दिसेल असं उत्तर देतात. समोर नर्स असेल तर “गोळ्या चुकल्या” कोण सांगणार?

दोन, वाचता येत नाही म्हणून मुलगा फॉर्म भरतो आणि आईच्या नावाने स्वतःचा अंदाज लिहितो.

तीन, आणि हे सगळ्यात गंभीर. काळजीचा स्कोअर कमी आला की दोष पेशंटवर जातो. पण फळं-अंडी परवडत नसतील, मुंबईला जायचं तर दिवसाची मजुरी बुडत असेल, घरातल्या बाईला आजारपणातही चूल सुटत नसेल, तर तो स्कोअर तिच्या आळसाचा नसतो. कमी आकडा आला की पुढचा प्रश्न “का केलं नाही?” असा नको, “काय अडलं?” असा हवा.

घरी काय करता येईल?

फॉर्म मिळाला नाही तरी एक वही करा. रोज तारीख, ताप, जेवण, उलटी-जुलाब, झोप आणि चुकलेली गोळी एवढं लिहा. दुखण्याला ० ते १० मध्ये आकडा द्या. लिहिता येत नसेल तर घरच्यांनी विचारून लिहावं, पण उत्तर पेशंटचंच असू द्या. ताप आल्यावर कुठल्या नंबरवर फोन करायचा, हे डिस्चार्जच्या दिवशीच विचारून पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांनी “कसं वाटतंय?” विचारलं की वही पुढे करा.